मुलगा चोरीत सापडला. गावी धाडू की धाक दाखवू?

नाशिकच्या सिडकोतून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

“मुलगा 15 वर्षांचा, नववीत आहे. मी अंबडला एका कंपनीत पॅकिंगला जाते, शिफ्ट बदलत असते. मिस्टर ट्रेलरवर असतात, महिन्यातून दोन-तीनदा घरी येतात. गेल्या महिन्यात मुलगा 19 आणि 20 वर्षांच्या दोन मुलांबरोबर गाडीवर ट्रिपल सीट गेला. रस्त्यानं बोलत चाललेल्या एका माणसाचा मोबाइल त्यांनी हिसकावला. गाडी त्यांची, हिसकावला मागच्यानं, हा मधे बसलेला. पोलिसांनी तिघांना धरलं. याला बाल न्याय मंडळापुढे नेलं, तिथून आमच्या ताब्यात दिलं. पुढची तारीख आहे. सासूबाई म्हणतात, रक्तातच आहे, याचे चुलत आजोबा असेच होते. भाऊ म्हणतो, माझा मित्र पोलिसात आहे, दोन तास चौकीत बसवून प्रसाद देऊ, परत नाव काढणार नाही. मिस्टर म्हणतात, गावी चुलत्याकडे कांद्याच्या कामाला पाठव. शाळेत बाई म्हणाल्या, संगत वाईट आहे, दाखला घेऊन जा. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी तरी याचा फोटो टाकला. बायका मला ऐकवतात की आईचं लक्ष नव्हतं. आठवीपर्यंत याची एक तक्रार नव्हती हो. आणि हा म्हणतो, मी काही केलंच नाही. कोणाचं ऐकू?”

ताई,

आधी कामाचं. तारीख चुकवू नका. मुलाला गावी धाडू नका. भावाला सांगा, तुझ्या मित्राला यात आणू नको. शाळेला दाखल्याचा अर्ज लिहून देऊ नका. आज एवढंच केलंत तरी चालेल, बाकीचं सवडीनं वाचा.

मुलं गुन्ह्याकडे का वळतात यावर जगभरचे अभ्यासक गेली दीडशे वर्षं भांडताहेत, आणि त्यांची बहुतेक मतं तुमच्या पत्रात कुणा ना कुणाच्या तोंडी आली आहेत. त्यातली काही केव्हाच मोडीत निघाली आहेत, काही अर्धी खरी ठरली आहेत. कोणाचं ऐकू हा तुमचा प्रश्न त्यामुळे अगदी नेमका आहे.

सासूबाईंपासून सुरुवात करू. ‘रक्तातच आहे’ हे 1876 साली इटलीत चेझारे लोंब्रोझो या डॉक्टरानं पुस्तक लिहून मांडलं होतं. गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो, त्याचा जबडा, कान, कवटी मोजली की तो ओळखू येतो, असं त्याचं म्हणणं. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंगनं सुमारे 3000 कैद्यांची मापं घेऊन ती इतर माणसांशी ताडून पाहिली. 1913 साली त्याचा निष्कर्ष छापून आला: असा वेगळा गुन्हेगारी देह नसतो. आपल्याकडे मात्र इंग्रज सरकारनं लोंब्रोझोची वाटही पाहिली नव्हती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत केली, त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 ला हा शिक्का कायद्यानं पुसला. तरी आजही गावात चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, आणि त्या पालावरचं पोर शाळेत का टिकत नाही म्हणून आपण वर आश्चर्य करतो. सासूबाईंना इतकं सगळं सांगू नका. चुलत आजोबांचं नाव मुलासमोर काढायचं नाही, एवढंच सांगा.

स्वभावाचा भाग अजिबात नसतो, असंही नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. त्या माहितीच्या आधारे टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1993 साली दोन वाटा दाखवल्या. थोडी मुलं तीन-चार वर्षांची असल्यापासूनच भडक, अनावर असतात, आणि घरात मारझोड किंवा दुर्लक्ष असेल तर मोठेपणीही तशीच राहतात. याउलट पुष्कळ मुलं तेरा-चौदाव्या वर्षी एकाएकी वळतात, चार-पाच वर्षं नको ते करतात आणि विशी ओलांडताना बहुतेक आपोआप थांबतात. आठवीपर्यंत तक्रार नव्हती, असं तुम्ही लिहिलं आहे. तुमचा मुलगा या दुसऱ्या गटातला दिसतो. अशा मुलाच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका असतो तो मधल्या काळात काही कायमचं बिघडण्याचा: शाळा सुटणं, व्यसन लागणं, नावावर शिक्का बसणं. तुमचे नातेवाईक जे जे उपाय सुचवताहेत ते नेमके त्याच दिशेला नेतात, म्हणून मी इतक्या घाईनं नको म्हणाले.

आता भावाचा ‘प्रसाद’. मामाचा जीव तुटतोय, हे कळतं. पण धाक दाखवून मुलं सुधारतात का, हे अमेरिकेत रीतसर करून पाहिलंय. न्यू जर्सीतल्या रॉवे तुरुंगात 1976 पासून वाया चाललेल्या मुलांना आत नेत, जन्मठेपेचे कैदी त्यांच्या अंगावर ओरडत, तुरुंगात काय काय होतं ते सांगत. गाजावाजा प्रचंड झाला. इतर राज्यांनी नक्कल केली. मग अभ्यासकांनी तुरुंग दाखवलेली आणि न दाखवलेली मुलं ताडून पाहिली, तेव्हा दाखवलेल्या मुलांनीच नंतर जास्त गुन्हे केले होते. पुढे अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले, तरी उत्तर तेच आलं. कारण शोधायला लांब जायला नको. चौकीत मार खाऊन आलेला मुलगा गल्लीत उतरतो तेव्हा त्याचा भाव वाढलेला असतो. शिवाय हे बेकायदा आहे. बाल न्याय कायद्याखाली मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, त्याच्याशी बोलणाऱ्या पोलिसानं शक्यतो साध्या कपड्यांत असावं असं नियम सांगतात. मित्राच्या नोकरीवर येईल, हे भावाला ऐकवा. त्याला लवकर पटेल.

मिस्टरांचं मत मला जास्त अवघड वाटतं, कारण ते प्रेमानं आलेलं आहे. गाव म्हणजे मोकळी हवा, कष्टाची सवय. पण त्या मुलाला ते कसं दिसेल? चूक झाली आणि घरानं उचलून बाहेर टाकलं. ट्रॅव्हिस हिर्शी नावाच्या अभ्यासकानं 1969 साली प्रश्नच उलटा केला होता. मुलं गुन्हा का करतात हे विचारू नका, बहुतेक मुलं करत का नाहीत ते विचारा. त्याचं उत्तर होतं, बंध. कुणी तरी आपलं माणूस, ज्याला वाईट वाटेल म्हणून हात आखडतो. काही तरी गमवायला असणं, म्हणजे दहावी, आयटीआय, संघातली जागा. दिवस भरलेला असणं. आणि नियम आपल्यासाठीही आहेत, असं मनापासून वाटणं. यातला एकेक धागा सुटत गेला की मुलगा मोकळा सुटतो. गावी पाठवलंत तर आई, शाळा, नाशिकमधली चांगली दोन-चार मुलं, सगळं एका फटक्यात तुटेल. शिवाय मंडळानं मुलगा तुमच्या हमीवर तुमच्या ताब्यात दिला आहे. विचारल्याशिवाय जिल्ह्याबाहेर ठेवणं तुमच्याच अंगाशी येऊ शकतं.

उद्या कुणी ‘बिघडलेल्या मुलांचं’ निवासी शिबिर सुचवेल, तेही आत्ताच सांगून ठेवते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1939 साली पाचशेवर मुलांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना मार्गदर्शक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, सगळं दिलं, निम्म्यांना काहीच नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या बाईंनी ही मुलं शोधून काढली, तर मदत मिळालेल्यांची स्थिती काही बाबतींत जास्त वाईट निघाली. विशेषतः पुन्हा पुन्हा शिबिराला पाठवलेल्यांची. वाह्यात मुलं एकत्र कोंबली की ती एकमेकांचे किस्से ऐकून हसतात, आणि ते हसणं म्हणजे शाबासकीच असते.

शाळेतल्या बाई संगतीचं म्हणाल्या, त्यात अर्धं तथ्य आहे. एडविन सदरलँड या अमेरिकी अभ्यासकानं 1930 च्या दशकात हेच मांडलं: गुन्हा हा शिकण्याचा विषय आहे, आणि तो जवळच्या माणसांकडून शिकला जातो. कुलूप कसं उघडायचं एवढंच पोरं शिकत नाहीत, ‘यात काय एवढं’ हे बोलायलाही शिकतात. या दुसऱ्या भागाकडे घरात कुणाचं लक्ष नसतं. 1957 साली ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी अशा सबबींची मांडणी केली. चोरी करणाऱ्या बहुतेक मुलांना चोरी वाईट हे ठाऊक असतं. ती फक्त या खेपेपुरती स्वतःला सूट देतात. तुमच्या मुलाचं ‘मी काही केलंच नाही’ हे त्यातलंच. आणखीही ऐकू येतील बघा: ‘मी नुसता बसलो होतो.’ ‘तो श्रीमंत होता, दुसरा घेईल.’ ‘रस्त्यावर फोन मिरवत चालायचं कशाला?’ ‘पोलीस काय हप्ते घेत नाहीत?’ ‘दोस्ताला नाही कसं म्हणणार?’

यावर भाषण देऊ नका. रविवारी दोघंच असाल तेव्हा भाजी निवडायला त्याला समोर बसवा आणि प्रश्न विचारा. त्या माणसानं घरी गेल्यावर बायकोला काय सांगितलं असेल? फोनमध्ये काय काय होतं? हप्ते बाकी असतील का? तुझ्या बाबांचा फोन घाटात असा कुणी ओढला असता तर? उत्तर लगेच मागू नका. गप्प बसला तरी बसू द्या. माफी मागायची इच्छा झाली तर ती मंडळामार्फतच मागायची. फिर्यादीच्या घरी परस्पर जाऊ नका, त्याचा अर्थ दबाव असा होतो.

मात्र बाईंचा दाखल्याचा सल्ला संगतीच्या त्यांच्याच म्हणण्याला छेद देतो. शाळेतून काढलं तर दिवसभर त्याला कुणाची संगत उरेल? ‘पालकांच्या विनंतीवरून’ असा अर्ज तुमच्याकडून लिहून घेण्याचा प्रयत्न होईल, तो लिहू नका. मुख्याध्यापकांना भेटा, तुमची बाजू शांतपणे मांडा. ऐकलं नाही तर जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या. जाताना एक पाहा, याचे आठवी-नववीचे गुण कसे आहेत? आल्बर्ट कोहेन यानं 1955 साली लिहिलं होतं की शाळेच्या मोजपट्टीवर सतत खाली राहणारी मुलं आपली वेगळी मोजपट्टी काढतात, जिथे मारामारी आणि उद्दामपणाला मार्क असतात. शेवटच्या बाकावरच्या मुलाला ‘भाई’च्या बड्डेला कोयत्यानं केक कापतानाच्या रीलमध्ये मागे उभं राहायला मिळतं, चारशे लोक बघतात. वर्गात त्याच्याकडे कोण बघतं? गणित-इंग्रजी बुडालेलं असेल तर शिकवणीचा खर्च हा या प्रकरणातला सर्वांत उपयोगी खर्च समजा.

आणि तुमचं लक्ष नव्हतं, हा आरोप. आई कामाला जाते, यानं फारसं बिघडत नाही. ती नसताना मुलगा कुठे, कुणाबरोबर आहे हे एखाद्या मोठ्या माणसाला माहीत असतं की नाही, यावर पुष्कळ ठरतं. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी 2005 साली गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ वेगवेगळ्या वयाच्या लोकांना खेळायला दिला. एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांच्या आसपासच धोका पत्करत. मित्र मागे उभे राहिले की त्यांचा धोका पत्करणं एकदम वाढे, मोठ्यांचं मात्र मित्र असोत नसोत सारखंच. गाडीवर मधे बसलेला तुमचा मुलगा एकटा असता तर त्या रस्त्यानं सरळ घरी आला असता. म्हणून सगळा जोर शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी येईपर्यंतच्या वेळावर लावा. सुपरवायझरशी बोलून तीन-चार महिने पहिली शिफ्ट मिळते का बघा. तालीम, कबड्डी, क्रिकेट, काहीही चालेल, अट एकच, तिथे हजेरी घेणारा मोठा माणूस हवा. सासूबाई घरी असतील तर पाच वाजताचा चहा त्यांनी नातवाबरोबर घ्यावा, हे त्यांचं काम. मिस्टरांनी रोज रात्री ठरल्या वेळी ट्रेलर थांबवून मुलाला फोन करायचा. चोरीचा विषय काढायचा नाही. आज कुठे आहे, माल कुठला, वाटेत काय पाहिलं, एवढंच बोलायचं. बापाच्या फोनची वाट पाहणारा मुलगा त्या वेळी गल्लीच्या टोकाला नसतो.

वस्तीचा दोषही लोक देतात, त्यात तथ्य आहे, पण लोक समजतात तसं नाही. शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी न्यायालयाच्या नोंदी नकाशावर मांडल्या, 1942 साली पुस्तक काढलं. शहरातल्या ठरावीक भागांत मुलांचे गुन्हे दशकानुदशकं जास्त होते. तिथले जर्मन-आयरिश जाऊन पोलिश-इटालियन आले तरी आकडा हटला नाही, आणि जे बाहेर पडले त्यांची मुलं सुधारली. म्हणजे दोष कुठल्या जातीचा वा समाजाचा नव्हता. भाड्याची घरं, रोज बदलणारे शेजारी, कुणीच कुणाच्या पोराला हटकत नाही, हे तिथे रुजलेलं होतं. तुमच्या सोसायटीतल्या ज्यांनी फोटो टाकला, त्यांनी त्याच उत्साहानं मैदानातला दिवा दुरुस्त करून घेतला असता तर बरं झालं असतं. असो.

त्या फोटोचं मात्र सोडू नका. कायद्याशी संबंध आलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुपच्या ॲडमिनला कलमाचा आकडा घालून मेसेज करा, फोटो काढून टाकायला सांगा, आधी स्क्रीनशॉट ठेवा. हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1963 साली जे सांगितलं ते इथे अगदी लागू पडतं. एकदा ‘चोर’ म्हणून चारचौघांत नाव पडलं की लोक तसं वागवतात, मग मुलगाही तसाच वागू लागतो. आपल्या कायद्यानं हे ओळखून कलम 24 मध्ये म्हटलं आहे की अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता येत नाही. 16 वर्षांपुढच्या ज्या मुलांवर मोठ्यांसारखा खटला चालतो, तेवढेच याला अपवाद. नोकरी, पासपोर्ट याची भीती घरात कुणी घालत असेल तर थांबवा.

त्या दोन मोठ्या मुलांबद्दल. लहान मुलाला बेकायदा कामात वापरणाऱ्या प्रौढाला कलम 83 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख रुपये दंड आहे. टोळ्या अल्पवयीन मुलं पुढे करतात ती शिक्षा कमी म्हणूनच. तुमचा मुलगा त्यांना किती उपयोगी होता हे त्याला कळलेलं नसेल. ‘तोंड उघडू नको’ असे निरोप आले तर परस्पर भांडायला जाऊ नका, पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला सांगा. घाबरल्यासारखं वाटलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आता तारीख. पोलिसांनी कलम कुठलं लावलं ते विचारा. नुसतं हिसकावण्याचं असेल तर जास्तीत जास्त शिक्षा 3 वर्षं आणि बाल न्याय कायद्यात तो किरकोळ गुन्हा धरतात. जबरी चोरीचं असेल तर गंभीर गटात जाईल. दोन्हींत मुलाला मोठ्यांच्या कोर्टात नेता येत नाही. ती तरतूद 16 ते 18 वयाच्या मुलांपुरती आहे, आणि तीही ज्या गुन्ह्याला किमान शिक्षाच 7 वर्षं आहे अशा गुन्ह्यासाठी. लोक तुम्हाला 2024 चं पुण्याचं मोटार अपघाताचं प्रकरण आणि त्यात अल्पवयीन मुलाला जामिनाची अट म्हणून सांगितलेला 300 शब्दांचा निबंध ऐकवतील. त्यावरून काही आडाखे बांधू नका. मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा लावू शकतं, तुमच्या हमीवर परिविक्षेवर, म्हणजे घरीच पण देखरेखीखाली, ठेवू शकतं, आणि फारच झालं तर अशा मुलांसाठीच्या विशेष गृहात, तेही जास्तीत जास्त 3 वर्षं.

यातलं काय होईल हे पुष्कळसं परिविक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपास अहवालावर ठरतं. ते घरी येतील, शाळेत जातील. त्यांच्यापासून काही लपवू नका. शिफ्ट बदलून मागितली, शिकवणी लावली, तालमीत नाव घातलं, हे सगळं त्यांना कागदासकट दाखवा. एकटीच आहे हो मी, असं म्हणालात तर अहवालात तेवढंच लिहिलं जाईल.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, मुलाचा तो हक्क आहे. शाळेचं बोनाफाइड आणि महापालिकेचा जन्मदाखला, मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स, वयाच्या पुराव्यासाठी बरोबर ठेवा. आधारवरच्या जन्मतारखेवर विसंबू नका. भाऊ येतो म्हणाला तर येऊ द्या, मित्राला घरी ठेवून. आणि त्या दिवशीची रजा लेखी घ्या, तिचीही एक प्रत अधिकाऱ्यांना द्या.